शेवटच्या पाटीचं वर्णन

बाजारात त्याला सगळे नुसतं 'पेंटर' म्हणायचे. बत्तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग काचबिंदूने आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, नंतर मधलं. दोन वर्षांपूर्वी त्याने ब्रश खाली ठेवले आणि तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं. दुःखसुद्धा नाही. जेवायला बोलावलं की जेवायचा, झोपा म्हटलं की झोपायचा. बायको म्हणायची, "अहो, एकदा रडा तरी!" पण रडायला आत काहीतरी हलावं लागतं, आणि आत सगळं ठप्प होतं. लोकांचं तर विचारूच नका. माणसाचे डोळे गेले की त्याच्याशी ओरडून बोलतात, जणू कानच गेलेत.

एक गोष्ट मात्र तो अजून सांगायचा. "शेवटची पाटी सायकलच्या दुकानाची. बारा फुटी. एका डोळ्याने केली, पण सरळ गेली. विचारा घरात कुणालाही."

आता खरं सांगायचं तर ती सरळ गेली नव्हती. बायकोला ठाऊक, मुलाला ठाऊक, सायकलवाल्याला तर पक्कं ठाऊक. त्याने आठवड्याच्या आत ती उतरवून छापील फ्लेक्स लावला होता. पण पेंटरसमोर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. त्याच्याकडे उरलेली तेवढी एकच गोष्ट, तीही काढून घ्यायला जीभ कुणाची रेटणार?

सून या घरात येऊन आठ महिने झाले होते. तिला हे सांगून ठेवावं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ती वेबसाइट बनवायला शिकत होती. वर्गातल्या मॅडमनी सांगितलं, घरातल्या कुणाच्या तरी कामावर एक पान करून आणा. नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये तिला पाट्यांचे नऊ फोटो सापडले. तिने हौसेने पान केलं, पाठवलं, आणि ते शेरे घेऊन परत आलं. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं असतात म्हणतात, त्यातली निम्मी या पानाच्या वाट्याला आली होती. मोबाईलवर उघडलं की पान उजवीकडे बाहेर सांडतंय. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. फोटोंना वर्णन नाही. खाली मॅडमनी लिहिलं होतं, ज्याला दिसत नाही अशा माणसाला हे पान ऐकवून पाहा.

असा माणूस शोधायला तिला गावभर फिरायची गरज नव्हती.

"बाबा, जरा ऐकता का? तुमच्याच पाट्या आहेत," दुपारी ती त्याच्या खोलीत जाऊन म्हणाली.

"ऐकव," पेंटर म्हणाला. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तिने फोनला पान वाचायला लावलं. आतली बाई एकसुरात बोलू लागली. "चित्र. आयएमजी दोन शून्य चार एक. चित्र. आयएमजी दोन शून्य चार दोन."

"ही काय गाड्यांचे नंबर वाचतेय?"

सून खजील झाली. तिने समजावलं, फोटोमागे काही लिहिलं नसलं की फोन फाईलचं नाव वाचतो. प्रत्येक फोटोमागे एकदोन ओळी लिहायच्या, काय दिसतंय त्या. पानावर त्या दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

"मग लिही की."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच सांगा."

त्याने सांगितलं. शिंप्याची पाटी लाल नव्हे, शेंदरी. न्हाव्याच्या पाटीवर अक्षरांना डाव्या बाजूने सावली, कारण दुकानाला उजेड उजवीकडून. आठ पाट्या त्याने बसल्या जागी सांगितल्या, रेशनच्या रांगेत नंबर सांगावेत तशा. मधेच तिने सांगितलं की मोबाईलवर मावावं म्हणून मी अक्षर बारीक करतेय, तर तो म्हणाला, "पाटी अरुंद असली म्हणून कुणी अक्षर बारीक करतं का? रस्त्यावरून वाचणार कोण, तुझा काका? ओळ मोडायची, खाली घ्यायची. आणि पांढऱ्यावर राखाडी लिहिणाऱ्याला माझ्या उस्तादाने ब्रशने मारलं असतं."

तिने पानाची ठरावीक रुंदी काढून टाकली. आता लहान पडद्यावर ओळी आपोआप मोडायला लागल्या, शेजारी शेजारी बसलेले फोटो एकाखाली एक यायला लागले. अक्षर मोठं राहिलं, काळंभोर झालं. तिला उड्या मारायच्या होत्या. पेंटर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"शेवटचा फोटो सायकलच्या दुकानाचा आहे, बाबा."

"त्याचं तू लिही," तो म्हणाला. "ती मी पुरती पाहिलेलीच नाही. पाहणाऱ्याने लिहावं."

मॅडमचा नियम होता, जे दिसतं तेच लिहा. तिने फोटो मोठा केला. पाटी वाकडी गेली म्हणूनच यांनी काम सोडलं असणार, यांना ते माहीतच असणार, असं तिला वाटलं. तिने मन लावून लिहिलं.

संध्याकाळी सगळे चहाला बसले असताना तिने फोन मधोमध ठेवला आणि पान लावलं. शिंपी झाला, न्हावी झाला. बायको कौतुकाने मान डोलावत होती. मग त्याच एकसुरात बाई म्हणाली, "पिवळ्या पाटीवर निळ्या अक्षरांत सायकल दुरुस्ती व विक्री. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली आहे. शेवटचं अक्षर पाटीत मावलेलं नाही."

मुलाच्या हातातला कप तसाच राहिला. "ते काढ," तो सुनेकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ."

सुनेने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "बाबा, मला वाटलं तुम्हाला..."

"पुन्हा लाव," पेंटर म्हणाला.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली.

"पुन्हा लाव म्हणतो ना!"

बाईने पुन्हा वाचलं. पेंटर ऐकत राहिला. शिरोरेघेसाठी तो सुतळीला खडू लावून पाटीवर छाप मारायचा. एक टोक त्याच्या हातात असायचं, दुसरं मुलाच्या.

"त्या दिवशी दोरी तूच धरली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"रेघ सोडून ब्रश खाली चाललाय, हे तुला दिसत होतं?"

मुलाने कप खाली ठेवला. "दिसत होतं, बाबा. तुम्ही इतके खुशीत होतात. माझ्याच्याने सांगवलं नाही."

"दोन वर्षं मी बाजारभर सांगत फिरलो! सरळ गेली, सरळ गेली! लोक काय म्हणत असतील रे? मूर्ख म्हातारा?" पेंटरचा आवाज फाटला. त्याला राग आला होता, आणि त्या रागाखाली इतकं दुःख होतं की त्याला धड बसवेना. बायको उठून जवळ आली, तर त्याने हात झटकला. तोंडावरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"मी बदलते, बाबा," सून रडवेली होऊन म्हणाली. "दुसरं काहीतरी लिहिते."

"खबरदार बदललंस तर. खरं लिहिलंयस. पण अर्धंच आहे. पुढे लिही."

"काय लिहू?"

"लिही. रंगवणाऱ्याला त्या वेळी दिसत नव्हतं. दोरी धरणाऱ्याला दिसत होतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खाली मान घातली आणि होकार दिला. तिने लिहिलं.

"बाबा, मी..." मुलगा म्हणाला.

"तू मग बोल," पेंटर म्हणाला. "आधी त्या फोनमधल्या बाईला वाचू दे."