थंड मशीन की गरम मशीन?

रिसेप्शनच्या खुर्चीवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते दार ढकलून आत येतात. त्यात आमचं क्लिनिक पोटाचा घेर कमी करायचं, म्हणजे विचारूच नका! आता आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याला गेल्या, धाराशिवातल्या त्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलंय. तिथनं जाताना मी अजून काचेतनं आत डोकावते. लई आठवण येते हो त्या दिवसांची!

*

आमच्याकडं दोन मशिनी. एक चरबी गोठवणारी, एक तापवणारी. ऑपरेशन नाही, टाके नाहीत. नावं इंग्रजी, लांबलचक; पण लोकांनी पहिल्याच आठवड्यात बारसं उरकलं. थंड मशीन आणि गरम मशीन!

मॅडम चरबी चिमटीत धरून बघायच्या आणि मग कुठलं मशीन ते सांगायच्या. लोक मात्र ऋतू बघून ठरवायचे! मे महिन्यात सगळ्यांना थंड पाहिजे, डिसेंबरात गरम. ईट गावच्या एक काकू भर उन्हाळ्यात आल्या आणि मॅडमनी त्यांना गरम सांगितलं. काकू भडकल्या.

"बाहेर आग पडायलीय, आन तुमी मला आत बी भाजताव व्हय?"

शेवटी तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी येताना हातात बाटली. "उष्णता बाधू नये म्हणून सब्जा पिऊन आले."

मॅडम हसू दाबून म्हणाल्या, "बरं केलंत!"

*

महादेवअण्णा आले ते नळदुर्गहून. हायवेवर त्यांचा ढाबा. शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली.

"मिसेससाठी चौकशी करायलो," ते म्हणाले.

"कुठला भाग कमी करायचाय त्यांचा?"

अण्णांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "हे एवढं!"

मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि पोट धरून हसले.

*

आत गेल्यावर मॅडमनी विचारलं, "अण्णा, आत्ताच का वाटलं कमी करावं?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आईचं वय झालंय, तिला आता आठवत न्हाय. तिच्या डोक्यात तिचा महादू हाडकुळाच हाय. मी समोर गेलो की पदर घेती आन म्हणती, बसा पाहुणं, महादू येईल एवढ्यात."

मी आणलेली फाईल हळूच टेबलावर ठेवली.

"पोट गेलं की त्या ओळखतील, असं मी सांगू शकत नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"मला बी ठावं हाय. पर कायतरी करू द्या की!"

मॅडमनी पोट चिमटीत धरून बघितलं. "वरची चरबी मशीन घालवेल. आतली तुम्हालाच चालून घालवावी लागेल. आणि ढाब्यावरचं जेवण बंद!"

*

थंड की गरम, हा निकाल मॅडमच्या आधी बाहेर बाकावर लागला. ईटच्या काकूंनी अण्णांना समोर बसवून सांगितलं, "थंडच घ्या. गरमनं माणूस तापट होतंय. आईम्होरं शांत पाहिजे."

मॅडमनीही थंडच सांगितलं, त्यांची कारणं वेगळी होती. पण त्या दिवसापासनं काकू येईल त्या पेशंटला सल्ला द्यायला लागल्या. "मॅडम मला इचारूनच ठरवतेत!"

*

अण्णा मशीनवर झोपले तरी ढाबा सुटायचा नाही. पोटाला मशीन चिकटलेलं, कानाला फोन चिकटलेला.

"आरं, गार भाकरी कशाला देतूस गिऱ्हाइकाला? गरम गरम वाढ!"

इकडं त्यांचं पोट बर्फ झालेलं! पडद्यामागनं काकूंसकट सगळा बाक हसायचा.

आणि चालायचेही हो अण्णा. रोज सकाळी हायवेच्या कडेनं. आजवर त्यांना पायी कुणी बघितलेलंच नव्हतं. ओळखीचे ट्रकवाले ब्रेक मारून विचारायचे, "मालक, गाडी कुठं बंद पडली?"

*

दोन-तीन महिन्यांनी अण्णा तपासणीला आले. शर्ट ढगळ झालेला. मॅडमनी टेप लावली आणि खूश झाल्या. अण्णांचं टेपकडं लक्षच नव्हतं.

"चेहरा बारीक झाला का थोडा? तिला आधी चेहराच दिसतोय," त्यांनी विचारलं.

मी उगीचच फायली आवरायला लागले.

*

मग एका दुपारी क्लिनिकचा फोन वाजला. अण्णाच. पण बोलेचनात. मला वाटलं, काही वाईट झालं. "अण्णा, आई बऱ्या आहेत ना?"

"ताई... आत्ता घरला आलो. आई दारात बसली होती. मला बघितलं आन वरडलीच माझ्यावर. महाद्या, किती वाळलास रं! खायाला घालत न्हाय का कुणी तुला?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. "मग?"

"मग काय! म्होरं बसवलं आन भाकरीवर भाकरी वाढली. म्या बी न्हाय म्हणलं न्हाय." अण्णांनी नाक ओढलं. "तेवढं मॅडमला सांगू नका!"