चुकून पडलेलं भोक

ऐंशीच्या सुमाराला नाशिकला सातपूरच्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. द्राक्षबागेत औषध मारायचे पंप ते बनवायचे. पहिला पंप त्यांनी दुरुस्तीला आलेला परदेशी पंप खोलून, बघून बनवला होता, आणि हे ते गिऱ्हाइकाला चहा देता देता आपणहून सांगायचे. मला ते खटकायचं. दुसऱ्याच्या डोक्यातलं विकायचं तर विकावं, निदान मिरवू नये.

मग समोरच्या कारागिराने त्यांच्याच पंपाची नक्कल उतरवली. ही बातमी मीच तणतणत त्यांना दिली. तेलकट हात पायजम्याला पुसत ते समोर गेले. मला वाटलं, आता जुंपणार. त्यांनी पंप उलटा करून तळावर बोट ठेवलं.

“हे भोक कशाला पाडलं?”

“तुमच्या पंपाला हाय ना,” तो चाचरत म्हणाला.

“माझं ड्रिल घसरलं होतं एकदा. तेव्हापासून फर्म्यातच राहिलंय, म्हणून दर पंपाला पडतं. तू कशाला मेहनत घेतो?” मग त्यांनी दांडा दोनदा मारून पाहिला. “हा लांब केला ते बेस केलं. खांदा दुखत नाय.”

पुढच्या मोसमात त्यांच्याही पंपाचा दांडा लांब झाला. गिऱ्हाइकाला चहा देता देता ते समोर बोट दाखवायचे, “त्याचं बघून केला.”

भोक मात्र दोघांच्याही पंपाला नव्हतं.