कढीतली गोळी

घराजवळच्या औषधवाल्याकडे ती गोळी मागायची सोय नव्हती. तो आमच्याच मराठी मंडळातला. संध्याकाळच्या आत घरोघरी बातमी पोचली असती. म्हणून मी आमच्या मदन महल भागातून रिक्षा करून शहरातल्याच गोरखपूर बाजारात जायचे.

नवरा निवृत्त झाला आणि मोबाइलमध्ये शिरला, तो बाहेर येईना. जेवताना, पाहुण्यांसमोर, एकामागून एक व्हिडिओ. मोबाइल हिसकावला की अंगावर धावून यायचा. शेवटी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मोबाइल सोडवणारी अशी गोळी नसते. ही आतल्या बेचैनीसाठी, रोज एकच, वाढवायची नाही. घरी येताच त्याने चिठ्ठी टेबलावर फेकली.

"मी काय पागल आहे का? काहून मागे लागून राहिली तू?"

मीही हट्टाला पेटले. आमच्याकडे पुरुष आधी जेवतात, बाई मागून. त्यामुळे काम सोपं होतं. रोज गोळी कुटायची आणि त्याच्या कढीच्या वाटीत ढवळायची.

काही दिवसांत मोबाइल खरंच बाजूला पडू लागला. मी मनात फुशारले. मग त्याचे हात कापायला लागले. पंख्याखाली बनियन घामाने भिजायचं, घरभर येरझारा चालायच्या. सवय सुटताना असं होतच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांना विचारायची भीती वाटायची, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं. एका दुपारी त्याच्या हातातून वाटी निसटली आणि तो पाटावरच थरथरत कलंडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? मी तोंड उघडायच्या आत त्यानेच मान खाली घालून सांगितलं, हो, रोज सकाळी एक. चिठ्ठीचा फोटो त्याने मोबाइलमध्ये काढून ठेवला होता. आपण नमलो हे मला कळू नये, म्हणून तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून गोळ्या आणून बुटांच्या खोक्यात लपवत होता.

म्हणजे रोज दोन गोळ्या त्याच्या पोटात जात होत्या.

"डॉक्टरसाहेब, मी पण देऊन राहिली होती," मी म्हणाले. "कढीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

तो वाचला. आता एकच गोळी, माझ्यासमोर घेतो. मोबाइलही बेताने बघतो. फक्त कढी वाढली की वाटी आधी माझ्यापुढे सरकवतो. मी दोन घोट घेते. मग तो जेवायला लागतो.