मीटरवरचं कुंकू

मुलुंडच्या केमिकल कारखान्यातले सुपरवायझर दिगंबर घाडी म्हणजे भलताच कडक माणूस. बंद टाकीत उतरण्याआधी कोणी विषारी गॅस असला की वाजणारा मीटर आत सोडला नाही किंवा कमरेला दोर बांधला नाही, की शिव्यांची लाखोली वाहायचे.

दसऱ्याला त्यांनी कारखान्यातल्या अवजारांची पूजा केली. मीटरला तर मानाचं पान. त्याला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकवाची ओली बोटं ओढली, नेमकी हवा आत घेणाऱ्या बारीक जाळीवर.

दुसऱ्या दिवशी दोरीने मीटर टाकीत सोडला. तो वाजलाच नाही.

"झकास! उतर रे विकी," घाडी कामगाराला म्हणाले.

विकी उतरला आणि तळाशी कोसळला. कमरेचा दोर ओढून सगळ्यांनी त्याला कसाबसा बाहेर काढला. मग घाडींनी मीटर हातात घेतला. जाळी कुंकवाने बुजली होती.

संध्याकाळी हॉस्पिटलात विकीने डोळे उघडले. त्याची बायको सपना घाडींच्या पायांवर कोसळली.

"काका, तुम्ही एवढे कडक, म्हणून माझा माणूस वाचला!"

आशीर्वादासाठी घाडींचा हात वर गेला. नखांत कुंकू तसंच होतं. त्यांनी हात खिशात घातला.