ओबोननंतरचा समुद्र

काकूंची अट एकच होती. तिथे कोणी बघायला नको.

मी तेव्हा टोकियोत शिष्यवृत्तीवर शिकत होते आणि दर रविवारी टोकियोला लागूनच असलेल्या उरायासुला एका मराठी कुटुंबाकडे त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला मराठी शिकवायला जात असे. काका मुंबईच्या एका बँकेतून इथे बदलीवर आलेले. त्यांची मुदत संपत आली होती आणि दिवाळीच्या आत सगळे परत जाणार होते. मुलगी पहिलीपासून जपानी शाळेत. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या काकू माझ्याकडे बघायच्या, की आता ही काय म्हणाली ते सांग.

त्या उन्हाळ्यात शाळेने मुलांना समुद्रावर नेलं होतं. तिथून आल्यापासून मुलगी पाण्याखालचंच बोलत होती, अगदी जेवतानाही. निळ्या माशांचा एक थवा तिच्या हाताला घासून गेला होता म्हणे. हे मी मराठीत सांगितलं, पण सांगताना त्यातलं बरंच काही सांडून जात होतं, हे मलाही कळत होतं.

एकदा भांडी घासता घासता काकू मला म्हणाल्या, "मला एकदा बघायचंय, ही काय बघून आली ते. मुंबईला गेल्यावर शाळा, क्लास, परीक्षा. मग ही सांगणारसुद्धा नाही."

बाहेरच्या खोलीतून काका म्हणाले, "दादरला चौपाटीला लागून लहानाची मोठी झाली, कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. आता हिला समुद्रात डोकं घालायचंय."

"तिथे सगळी दादर बघायला असते," काकू म्हणाल्या. "आणि मासे नसतात, निर्माल्य असतं."

काकांनी ऑफिसातून एक गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं, कॅरिबियन समुद्रातल्या सफरीचं. पांढरीशुभ्र बोट रोज एका नव्या बेटावर थांबते, आणि उतरलेल्यांनी आपापला किनारा निवडायचा. कुठे गर्दी, कुठे शांतता, कुठे पाण्याखाली प्रवाळ, सगळं चित्रांसकट. काकू ते बराच वेळ चाळत होत्या. "ते खाली ठेव," काका म्हणाले, "त्या बोटीत बसायचं तर बोरिवलीचा फ्लॅट विकावा लागेल."

मी सहसा त्यांच्या घरच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाले, की बोट टोकियोहूनही सुटते. रात्री निघते आणि सकाळी इझुच्या बेटांवर एकामागून एक थांबत जाते. मी स्टेशनवर तिचं पोस्टर पाहिलं होतं.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि किनारा निवडण्याचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या गावच्या नदीला गणपतीपर्यंत पाणी, पुढे गोटे. पोहणं मला येत नव्हतं, समुद्र मी मोठी झाल्यावर पाहिला. पण शिकलेल्या मुलीला सगळं माहीत असतं असं जसं माझ्या घरी धरून चालत, तसंच उरायासुलाही धरून चालत होते. "ती बघेल, तिला वाचता येतं," काकू म्हणायच्या. तेव्हा मी वाचायला लागले.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बेटांचे मोठे नकाशे होते. त्यांवरून मी ठरवत गेले. मोठ्या बेटावर हॉटेलं, म्हणजे माणसं, ते बाद. दुसऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं येतात, तेही बाद. मग एक छोटंसं बेट सापडलं, चालत आरपार जाता येईल एवढं. त्याच्या पश्चिमेला कड्यांनी वेढलेली एक खाडी होती. तिथवर मोटारीचा रस्ता नव्हता, नुसती पायवाट. दोन्ही बाजूंना खडक आणि मध्ये वाळू, म्हणजे खडकांपाशी मासे आणि वाळूवर टेकायला पाय. मला ती नकाशावरच आवडली.

आता दिवस. ऑगस्टच्या मध्यात इथे ओबोन असतो. पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, नैवेद्य ठेवतात, आणि सगळा देश आपापल्या गावी जातो. पर्यटनाच्या एका मासिकात लिहिलं होतं, की ओबोननंतर किनारे रिकामे होतात. मी त्या बेटावरच्या एका घरगुती मुक्कामाच्या जागी, म्हणजे मिन्शुकुत, फोन केला. फोनवर जपानी बोलायचं म्हटलं की मी वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवायची. ओबोननंतर लोक कमी असतात का, एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, हो, तेव्हा समुद्रात कोणीच जात नाही. मी आभार मानून फोन ठेवला.

प्रयोगशाळेतल्या एका वरच्या वर्गातल्या मुलाला मी हा बेत सांगितला. त्याने दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "ओबोननंतर समुद्र म्हणजे, जरा..." आणि थांबला. इथे माणसं असं वाक्य अर्धवट ठेवतात आणि उरलेलं आपण समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं. पूर्वज परत जाताना पाण्यात असलेल्या माणसाला सोबत घेऊन जातात, असं इथले म्हातारे सांगतात, हे मी ऐकलं होतं.

मी ते रविवारी उरायासुला सांगितलं, कारण लपवणं बरं दिसलं नसतं. काकू विचारात पडल्या. "म्हणजे आपल्या पितृपक्षासारखंच की. आपण नाही का त्या दिवसांत नवीन काही घेत."

"पण पितर त्यांचे ना?" काका म्हणाले. "ते त्यांची माणसं नेतील. आपल्याला कशाला नेतील? आपल्याकडे तर परत जायचं तिकीटही आहे."

"तुमचं आपलं काहीतरीच." पण काकू हसल्या, आणि तिथेच ठरलं. त्यांचे पितर, त्यांची भीती, आणि रिकामा समुद्र आपला. आम्हा सगळ्यांनाच हे हिशेबात बसल्यासारखं वाटलं.

बोटीत खालच्या वर्गात गालिचावर पांघरूण घेऊन झोपायचं होतं. काकूंनी दशम्या आणि लसणाची चटणी काढली, तेव्हा शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. मुलगी आईला जपानीत म्हणाली, "झाक ना, वास येतो." हे भाषांतर काकूंनी माझ्याकडे मागितलं नाही. त्यांनी डबा मिटला. सकाळी बोट एकेका बेटाला लागत गेली. शिडी खाली सोडायची, चार माणसं उतरायची, टोपल्या चढायच्या, शिडी वर. आमच्या बेटावर उतरणारे आम्हीच होतो. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची बोट होती. म्हणजे पाण्यात जायला हाच एक दिवस.

पायवाट उतरून आम्ही खाडीत पोहोचलो तेव्हा तिथे खरोखरच कोणी नव्हतं. काकू सलवार-कमीजमध्ये होत्या. त्यांनी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "अगदी अशीच जागा म्हणत होते मी." समोरून चांगला वारा येत होता. मी आधी आत जाऊन बघते म्हणाले, कारण जागा माझी होती. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात गेले आणि तापल्या तव्याला पाय लागावा तसा चटका बसला. बाहेर आले तर घोट्यावर लाल रेघ उमटली होती.

मग वाळूकडे नीट पाहिलं. पाण्याच्या कडेला काचेसारखे गोळे पडले होते, कितीतरी. मुलगी वाकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कुरागे." म्हणजे जेलीफिश. ओबोननंतर त्या येतातच, सगळ्यांना माहीत असतं, असंही म्हणाली.

"मग आधी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही भुतांचं बोलत होतात."

काका खडकावर बसून हसत होते. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ओढणी सोडून पुन्हा खांद्यावर घेतली. "राहू दे," त्या मला म्हणाल्या. "तू एवढं केलंस. बेट तर बघितलं." त्या आवाजाने मला फार लागलं, घोट्यापेक्षा जास्त. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिन्शुकुच्या मालकीणबाईंनी माझ्या पायाला काहीतरी लावलं आणि चूक त्यांचीच असल्यासारखी माफी मागितली. सगळे जेवायला बसले. मला जेवण जाईना. मी खिडकीतून वाळत घातलेले टॉवेल बघत होते. सगळे एकाच दिशेला, पूर्वेला फडफडत होते. वारा पश्चिमेचा होता, आणि तो समुद्रातलं सगळं आमच्या त्या सुंदर खाडीत लोटत होता. मग बेटाच्या दुसऱ्या अंगाला तो बाहेरच्या बाजूला लोटत असणार. हे सुचल्यावर मला बसवेना. मी पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क उचलला आणि पाय दुखत होता तरी निघाले.

उत्तरेच्या छोट्या खाडीत पाण्याला ओढ होती, पाय सरकत होते. ती नको. पुढच्या जागी नुसते गोटे, उभं राहता येत नव्हतं. पूर्वेच्या बाजूला पोहोचले तेव्हा समोर बंदर होतं. धक्क्याच्या आडोशाला वाळूचा एक पट्टा आणि खडकांची एक रांग. पाणी हलतसुद्धा नव्हतं. मी कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात खडकांपर्यंत चालत गेले, वाकून मास्क पाण्याला टेकवला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चटका नाही, गोळे नाहीत. खडकाच्या पायाशी पिवळं काहीतरी हललं.

धक्क्यावर मात्र गळ टाकून बसलेले म्हातारे होते. काही बाया समुद्रातलं गवत वाळत घालत होत्या. बर्फाच्या पेट्या चढवणारी माणसं होती. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, कागदावर न लिहिता, आणि एकच प्रश्न नाही. जेलीफिश आहेत का? आज नाहीत. उद्या? उद्याचं वारा सांगेल. इथे पाण्यात गेलं तर तुम्हाला चालेल का? त्याने माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, समुद्र काही माझा नाही.

मी परत जाऊन काकूंना सगळं सांगितलं. पाणी कसं आहे, पाय कुठवर टेकतात, आणि धक्क्यावर कोण कोण बसलंय तेही.

"म्हणजे बघायला माणसं आहेत," काकू म्हणाल्या.

"आहेत. या दिवसांत पाण्यात कोणी जात नाही, म्हणून जास्तच बघतील."

"आई, नको," मुलगी जपानीत म्हणाली. "त्या कपड्यांत नको. मला लाज वाटते."

हे मी सांगितलं नाही, पण काकूंना कळलं असावं. काका काही बोलायला लागले तर काकूंनी त्यांना हातानेच थांबवलं. मग मला म्हणाल्या, "कोणी नसलेली जागा निवडलीस तिथे काय झालं ते पाहिलं. चल. पण माझा हात सोडायचा नाही."

बंदरावर आम्ही वाळूत उतरलो तेव्हा गवत पसरणाऱ्या बायांचे हात थांबले. काकूंनी चष्मा काढून काकांकडे दिला आणि श्वासाची नळी लावलेला मास्क चढवला. धक्क्याकडे मान वळवून त्यांनी डोळे बारीक केले.

"दिसतंय का काही?" काकांनी विचारलं.

"नुसते ठिपके. बरं झालं."

कमीज पाण्यात फुगून वर येत होता, तो त्या एका हाताने खाली दाबत होत्या, दुसऱ्या हाताने माझं मनगट आवळलेलं. छातीपर्यंत पाणी आलं. मी म्हणाले, आता वाका. त्या वाकल्या आणि लगेच वर आल्या, खोकत. पुन्हा वाकल्या, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी नळीत पाणी गेलं. मला स्वतःलाच येत नसलेली गोष्ट मी तोंडाने समजावत होते, आणि ते दोघींनाही कळत होतं. काकू म्हणाल्या, "जमेपर्यंत बाहेर यायचं नाही हं," आणि हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, ते मला समजलं नाही.

मागून पाणी उडाल्याचा आवाज आला. मुलगी आली होती. तिने आईचा दुसरा हात धरला आणि चिडल्यासारखी, भराभर जपानीत बोलायला लागली. दात घट्ट मिटू नकोस. आधी श्वास सोड. हळू. नाकाने नाही. मी भाषांतराला तोंड उघडलं, पण काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. मुलीने स्वतः तोंड पाण्यात घालून दाखवलं आणि काकूंनी तसंच केलं. नळीतून श्वासाचा आवाज यायला लागला, आधी घाबरा, मग संथ. माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने गळ गुंडाळला आणि आमच्यापासून लांब, पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

खूप वेळाने काकू वर आल्या. मास्कचा लाल वळ कपाळावर उमटला होता. "पिवळे होते," त्या म्हणाल्या. "काळ्या पट्ट्यांचे. माझ्या तोंडासमोर येऊन थांबले. निळे नव्हते."

"निळे अजून पुढे असतील, त्या खडकाच्या मागे," मुलगी जपानीत म्हणाली आणि बोटाने दाखवलं.

खडकापर्यंत पाणी छातीएवढंच होतं, ते मी आधी चालून पाहिलं होतं. तसं मी सांगितलं. काकूंनी माझा हात सोडला, मुलीचा धरला, आणि दोघींनी एकदमच डोकी पाण्यात घातली.