अजब बंगल्याच्या फाटकावरून

जायफळ घातलेल्या पुरणाचा वास आला की मला आजही आधी राग येतो, भूक नंतर लागते. लग्नाला महिना झाला तेव्हा आम्ही दोघं नरखेडहून एसटीने तीन दिवस नागपूर पाहायला गेलो. मला अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, पाहायचा होता. तिथे पेंढा भरलेला वाघ आहे असं शाळेत ऐकलं होतं. पण नवं जोडपं आलंय म्हटल्यावर नवऱ्याच्या नातेवाइकांनी ओळीने जेवायला बोलावलं, आणि त्याला कुणालाच नाही म्हणता येईना. दोन दिवस मी इतवारीच्या बोळांतून एका पुरणपोळीच्या ताटापासून दुसऱ्या ताटापर्यंत चालले. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या एसटीआधी, आम्ही अजब बंगल्याच्या फाटकाशी पोचलो. तिकीट काढणार तोच नवऱ्याचा मावसभाऊ सायकलवरून उतरला. "पहिले घरी चाला, वहिनी. वाघ काही पळून नाही राहिला," तो म्हणाला, आणि नवरा हसत वळलासुद्धा. त्यांच्या घरी ताट समोर आलं तशी मी त्यावर हात आडवा धरला. "दोन घास खाऊन घे वं, त्यायचं मन राख," नवरा कानाशी पुटपुटला. "अन् माझं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. त्याने माझ्या ताटातली पोळी आपल्या ताटात घेतली आणि खाल्ली. वाघ न पाहताच आम्ही संध्याकाळची एसटी पकडली. आता आमची मुलगी नागपुरातच असते. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा हे म्हणाले, "चाल, तुले अजब बंगला दाखवतो." मी म्हटलं, "तुम्ही आधी सगळ्यायकडं जेवून या."