कृपया स्पर्श करा

‘अहो बाई, हात लावू नका. लांबून बघा.’

मॅडम हे माझ्या आईला म्हणाल्या. भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आणि आई जिथं उभी होती तिथंच भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती : ‘कृपया स्पर्श करा. स्पर्शानं संस्कृती जोडल्या जातात.’

सेवाग्रामजवळ अमूर्त चित्रांचं प्रदर्शन होतं. सहा देशांचे चित्रकार आणि त्यांच्यात मी, सिंदीच्या शाळेत चित्रकला शिकवणारी. मॅडम आयोजक. यातली काही चित्रं पुढे परदेशात जाणार होती. कोणती, ते मॅडम ठरवणार होत्या. माझं जावं म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागेपुढे करत होते. हो, करत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

एका परदेशी चित्रकर्तीनं भल्या मोठ्या फळीवर रुई चिकटवली होती. वर पांढरी, खाली राखाडी. लोक येत होते, तळहात टेकवत होते, फोटो काढत होते. आई तिथंच थांबली. तिचं उभं आयुष्य कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या जिनिंग कारखान्यात गेलं. संध्याकाळी घरी यायची तेव्हा पापण्यांवरसुद्धा रुई असायची. आज लेकीचा कार्यक्रम म्हणून ती विहारात नेसायची ठेवणीतली पांढरी साडी नेसून आली होती. तिनं रुईचा पुंजका चिमटीत धरला आणि तेवढ्यात मॅडम आल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ‘काऊन वं? सगळेच तं लावून राह्यले.’

मी काय केलं? आईचं मनगट धरलं आणि तिचा हात मागे ओढला. मॅडमनी नाही. मी. ‘ही माझी आई’, तीन शब्द. तेवढेही तोंडातून फुटले नाहीत. चित्र परदेशात जायचं होतं ना!

आई बाहेर गेली आणि पायरीवर, लोकांच्या चपलांपाशी जाऊन बसली.

हात लावू नका. आमच्या घराला हे शब्द नवीन नाहीत. आजी विहिरीवर हेच ऐकत मोठी झाली. मग आम्ही धम्म घेतला, शिकलो, नोकऱ्यांना लागलो. मला वाटायचं, ते आजीबरोबर गेलं. कुठलं जातंय! आजीला गावानं अडवलं होतं. आईला मी अडवलं.

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. संस्कृतींच्या नात्यावर मला दोन शब्द बोलायचे होते. मी माइककडे गेले नाही, बाहेर गेले.

‘चल आत,’ मी आईला म्हटलं.

‘राहू दे नं. तुयंच नुकसान होईन.’

तिला सगळं कळलं होतं. मी तेच मनगट धरलं आणि तिला त्या फळीपाशी नेलं. मॅडम लगबगीनं पुढे आल्या.

‘ही माझी आई,’ मी म्हटलं.

‘अगं, आधी सांगायचंस ना! मला वाटलं...’

‘काय वाटलं?’

मॅडम फळीसमोरून बाजूला सरल्या.

आईनं अख्खा तळहात रुईवर टेकवला. रुई दाबून पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘ओली हाये हे रुई. आतून काळी पडन.’

माझं चित्र परदेशात गेलं नाही. आता मॅडमचा निरोप आलाय. झालं गेलं विसर, पुढच्या प्रदर्शनात ये.

मी कळवलंय, येईन. आईला घेऊन येईन. पण त्या दिवशीचं तुमचं वाक्य अर्धंच राहिलंय. ते आधी पुरं करा, माझ्या आईसमोर, त्याच हॉलमध्ये, माइकवर. काय वाटलं होतं तुम्हाला? मी माझं पाप सांगून मोकळी झाले. तुमचं ऐकल्याशिवाय माझं चित्र तुमच्या भिंतीवर लागणार नाही.